पापण्यांचं ऑपरेशन: आरसा नंतर, आधी नजर

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी येणारा फोन ठरलेला असतो. "अहो, काल बरं होतं, आज डोळे उघडतच नाहीयेत. नक्की काहीतरी बिघडलंय." बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. पापणीची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आणि त्यातही रात्रभर झोपून उठल्यावर. ज्या फोनची खरी धास्ती वाटते तो क्वचित येतो, आणि आला तर उशिरा येतो: "काल रात्रीपासून एक डोळा फार ठणकतोय. पण म्हटलं, एवढ्या रात्री कशाला त्रास द्यायचा."

मी पुण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर समजावून सांगायचं काम करते. मी डॉक्टर नाही. या दोन फोनांमधला फरक पेशंटला आणि घरच्यांना आधीच कळलेला असावा, म्हणून हे लिहितेय. तुमच्या सर्जनने दिलेल्या कागदात आणि यात कुठे फरक आढळला तर कागदच खरा माना. तुमच्या पापणीत काय होतं आणि काय काढलं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

नेमकं काय केलेलं असतं

या ऑपरेशनला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. वयानुसार वरच्या पापणीची कातडी सैल होऊन खाली लोंबते, ती काढतात. कधी त्यासोबत थोडा स्नायू आणि चरबीही. छेद पापणीच्या नैसर्गिक घडीतच घेतात, म्हणजे डोळा उघडा असताना व्रण घडीत लपतो. खालच्या पापणीचा प्रश्न वेगळा असतो. तिथे चरबी पुढे येऊन पिशव्या दिसतात. त्या कमी करायच्या किंवा सरकवून बसवायच्या. त्याच्या दोन वाटा आहेत: पापणीच्या केसांच्या लगेच खालून, बाहेरच्या बाजूने, किंवा पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरातून, ज्यात बाहेर एकही टाका दिसत नाही.

आपल्यावर यातलं काय झालंय हे घरी जाण्यापूर्वी विचारून घ्या. वरच्या पापण्या केलेल्या बाईला दिलेल्या सूचना खालच्या पापण्या केलेल्या शेजाऱ्यांना लागू पडतीलच असं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र सगळ्यांना एकच सल्ला मिळतो.

सूज एवढी का येते

पापणीची कातडी ही सगळ्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची. तिच्या लगेच खाली चरबीचा थर जवळपास नसतोच, असते ती सैल जागा. तिथे पाणी आणि थोडंफार रक्त साचायला काहीच अडसर नसतो. म्हणून मच्छर चावला तरी पापणी टम्म फुगते, मग इथे तर कापाकापी झालेली असते.

साचलेलं रक्त नंतर खाली उतरतं. चौथ्या दिवशी निळेपणा गालावर आलेला पाहून घरचे घाबरतात, पण तो वरूनच ओघळत आलेला असतो. रंगही बदलत जातो. आधी लालसर जांभळा, मग निळा, हिरवट आणि शेवटी पिवळा. रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर टप्प्याटप्प्याने मोडत असतं, त्याचे हे रंग. साधारण दहा ते चौदा दिवसांत चारचौघांत जाण्यासारखा चेहरा होतो. दोन्ही बाजू मात्र सारख्या वेगाने उतरत नाहीत. एक डोळा उघडा नि एक अर्धा मिटलेला, असं आठवडाभर दिसलं तर तो सर्जनच्या हाताचा दोष समजू नका.

सूज दोन्हीकडे असेल, दुखणं पॅरासिटामॉलने आटोक्यात राहत असेल आणि नजर नेहमीसारखी असेल, तर कितीही भयंकर दिसलं तरी धीर धरायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात आरशाचं काही ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काही बायका दर तासाला फोटो काढून मैत्रिणींना पाठवतात, त्याने सूज उतरत नाही, उलट रक्तदाब वाढतो.

पहिले चोवीस तास

इथे मात्र सविस्तर सांगायला हवं.

हे ऑपरेशन बहुतेक वेळा भूल देणारं इंजेक्शन पापणीत देऊन करतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. त्या इंजेक्शनमध्ये सहसा अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑपरेशन करताना रक्त कमी येतं. काही तासांत त्याचा असर ओसरतो आणि वाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात. ऑपरेशन टेबलवर कोरडी दिसलेली जागा संध्याकाळी घरी पाझरू शकते. टाक्यांवर थोडं लालसर पाणी, गॉजवर दोन-चार ठिपके, हे चालतं. स्वच्छ गॉजने अलगद टिपून घ्यायचं, पुसायचं नाही.

धोका आहे तो डोळ्याच्या मागे रक्त साचण्याचा. डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. मागे आणि चारही बाजूंना हाड, पुढे फक्त पापण्या आणि त्यांना दोन्ही कोपऱ्यांत धरून ठेवणारे घट्ट पट्टे. या जागेत रक्त साचलं तर त्याला पसरायला वाव नसतो. दाब वाढतो, डोळ्याच्या नसेचा आणि पडद्याचा रक्तपुरवठा अडतो. पडद्याला रक्त मिळेनासं झालं तर साधारण दीड-दोन तासांत कायमचं नुकसान होऊ शकतं. हे दुर्मीळ आहे. सुमारे २,००० ऑपरेशनांत एखाद्याला असा रक्तस्राव होतो, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांची नजर वाचते. वाचते कारण कोणीतरी वेळेवर ओळखलेलं असतं. हा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच होतो.

त्याची ओळख अशी. अचानक एकाच डोळ्यात, नेहमीच्या गोळीने न थांबणारं, आतून दाबल्यासारखं दुखणं. पापणी दगडासारखी कडक लागणं. साधी सूज बोटाला मऊ लागते, ही लागत नाही. डोळा पुढे आल्यासारखा दिसणं. अंधुक दिसणं, रंग फिके वाटणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं. बरोबर मळमळही होऊ शकते. यातलं काहीही आढळलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सर्जनला फोन करायचा. फोन लागला नाही तर वाट बघत बसायचं नाही, चोवीस तास आपत्कालीन विभाग चालू असलेलं मोठं रुग्णालय गाठायचं. ससूनचा विभाग रात्रभर उघडा असतो. गाडी नसेल तर १०८ आहे. दारात पोचल्यावर एकच वाक्य बोला: "पापणीचं ऑपरेशन झालंय, डोळ्यामागे रक्तस्राव झाल्याची शंका आहे, नजर कमी झालीये." त्यावर टाके सोडतात, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातला पट्टा कापून दाब मोकळा करतात. नजर जात असेल तर स्कॅनसाठी थांबत नाहीत. जाताना डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नका, दाबून धरू नका, डोकं उंच ठेवा.

पण पापणी सुजलेली असताना नजर कमी झाली हे कळणार कसं? आम्ही पेशंटना एक साधी गोष्ट शिकवतो. भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर बसायचं. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही. दुसऱ्याने मोठे आकडे वाचायचे. मग उलट. ऑपरेशनच्या दिवशी जागे असेपर्यंत दर दोन तासांनी हे करायचं. मलमाने अंधुक दिसतंच, म्हणून आधी उघडझाप करायची, कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घालायचा आणि परत बघायचं. त्याने आकडे स्वच्छ झाले तर ते मलमच होतं. पापणी अगदीच मिटलेली असेल तर घरच्यांनी धुतलेल्या हाताने, डॉक्टरांनी दाखवलं असेल तसं, ती किंचित उचलून समोर बोटं धरावीत. दोन्ही डोळे एकदम उघडून "दिसतंय की सगळं" म्हणण्यात अर्थ नाही, कारण चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकून टाकतो.

पहिल्या रात्री पेशंटच्या खोलीत कोणीतरी झोपावं आणि मध्ये एक-दोनदा उठून विचारपूस करावी. बाहेरगावाहून आलेल्यांना तर माझा आग्रहच असतो, पहिली रात्र पुण्यातच काढा. साताऱ्याकडची मंडळी "संध्याकाळी निघतो, नऊपर्यंत घरी" म्हणतात. रात्री दोनला खंबाटकी ओलांडून परत येण्याची वेळ आली तर ते दीड-दोन तास रस्त्यातच जातील. आणि तारीख ठरवताना गणपती विसर्जनाचा दिवस व आदला दिवस टाळा. लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर, चारही रस्ते मिरवणुकीला जातात, आणि पेठेत राहणाऱ्याला गाडी बाहेर काढणंही अवघड होतं.

शेक, उशी आणि एक जुनी गोष्ट

पहिले दोन दिवस गार शेक, जागेपणी तासा-दीड तासाने दहा-पंधरा मिनिटं. बर्फाचा खडा थेट लावू नका. पापणी बधिर असते, बर्फाने कातडी भाजली तरी कळणार नाही. सगळ्यात सोयीचं म्हणजे हिवाळ्यात सोलून फ्रीजरमध्ये टाकलेले मटार. छोट्या पिशवीत मूठभर घ्यायचे, पिशवी धुतलेल्या सुती रुमालात गुंडाळायची. मटार पापणीच्या आकाराला बसतात आणि वजनही पडत नाही. पाणी टाक्यांवर झिरपायला नको, एवढंच पाहायचं. दोन दिवसांनंतर गार शेकाचा फारसा उपयोग नसतो. पुढे कोमट शेक घ्यायचा की नाही, ते डॉक्टर सांगतील.

झोपताना दोन-तीन उशा किंवा पाठीमागे तक्क्या घेऊन, डोकं छातीपेक्षा उंच, आणि पाठीवर. निदान आठवडाभर. कुशीवर झोपणाऱ्याची खालच्या बाजूची पापणी सकाळी दुप्पट सुजलेली असते.

प्लास्टिक सर्जरीनंतर पाठीवर झोपवून ठेवणं पुण्याला नवं नाही. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी ती पद्धत उचलली. त्या हकिकतीत नंतरची काळजीही लिहिली आहे: पाच-सहा दिवस रोग्याला पाठीवर निजवायचं. त्या माणसाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

डोळा पूर्ण मिटत नाही तेव्हा

दुसरी खरी काळजीची गोष्ट म्हणजे कोरडेपणा, आणि इथे गफलत जास्त होते कारण तो गाजावाजा न करता त्रास देतो.

उघडझाप करताना पापणी बुबुळावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. ऑपरेशननंतर पापणी मिटवणारा स्नायू सुजलेला आणि थकलेला असतो, कातडीही थोडी कमी केलेली असते. सर्जन मोजूनच कातडी ठेवतात. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर राहिली पाहिजे असा ढोबळ नियम आहे. तरीही पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, डोळा पूर्ण मिटत नाही. झोपेत एक फट राहते. घरचे बघतात तेव्हा त्या फटीतून पांढरंच दिसतं आणि "डोळे फिरवले" म्हणून घाबरतात. डोळा मिटायला जाताना बुबुळ आपोआप वर सरकतं, तेच ते. ती शरीराची स्वतःची सोय आहे. फट मात्र खरी असते, आणि तिच्यातून रात्रभर पंख्याचा वारा लागला तर बुबुळाचा खालचा भाग सुकतो, त्यावर ओरखडे उठतात. सकाळी वाळू गेल्यासारखं खुपतं, उजेड सहन होत नाही, डोळ्यातून पाणी वाहतं. पाणी वाहतंय म्हणजे कोरडेपणा नाही, असा समज असतो. उलट, कोरड्या डोळ्याला झोंबतं म्हणून ते पाणी येतं.

म्हणून दिवसा कृत्रिम अश्रू आणि रात्री झोपताना जाड मलम, हे दोन्ही औषधाइतकंच गांभीर्याने घ्या. दिवसात चार-सहा वेळांपेक्षा जास्त थेंब घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स डॉक्टरांना विचारून घ्या. पंखा तोंडावर नको, एसीचा झोत तर नकोच.

थेंब घालायची नेहमीची रीत, खालची पापणी बोटाने खेचून कप करायचा आणि त्यात थेंब सोडायचा, ती इथे चालत नाही, विशेषतः खालची पापणी केलेली असेल तर. नव्याने बसत असलेली पापणी खेचली की टाक्यांवर ताण येतो. त्याऐवजी उताणं झोपायचं. डोळे मिटलेले ठेवायचे. नाकाजवळच्या कोपऱ्यात, मिटलेल्या पापणीवरच, एक थेंब सोडायचा. मग हळूच डोळा उघडायचा, थेंब आपोआप आत जातो. बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या आणि मलम सगळ्यात शेवटी, नाहीतर मलमावरून थेंब नुसता घसरतो.

खालच्या पापणीच्या ऑपरेशननंतर कधी डोळ्याचा पांढरा भाग जेलीसारखा फुगतो, अगदी पापणीच्या कडेवरून डोकावतो. दिसायला विचित्र, पण थेंब-मलमाने सहसा बसतो. मात्र दाखवून घ्या. खालची पापणी डोळ्यापासून सुटल्यासारखी, खाली ओढल्यासारखी वाटत असेल तर तेही दाखवा. सुजेमुळे तसं थोडे दिवस होऊ शकतं, पण मालिश करायची की नाही, कधी आणि कशी, हे फक्त तुमच्या सर्जननेच सांगायचं. यूट्यूबवर पाहून करायची ही गोष्ट नाही.

औषधांचा डबा

दुखलं तर पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतात. घरातल्या डब्यात "अंगदुखीची" म्हणून ठेवलेल्या गोळीत यातलं काय आहे ते पाकिटामागे वाचा. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई आणि लसणाच्या कॅप्सूलचंही तेच. या "औषध थोडंच आहे" म्हणून डॉक्टरांना सांगायच्या राहून जातात.

हृदयासाठी इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्याने पापणीसाठी ही गोळी बंद करणं पापणीच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी महागात पडू शकतं. बंद करायची का, कधी, परत कधी सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांनी आणि सर्जननी आपसात ठरवायचं. बीपीची गोळी मात्र चुकवायची नाही. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो.

आता थोडं कटू. मेडिकलमध्ये जाऊन "डोळा लाल झालाय, काहीतरी द्या" म्हटलं की बऱ्याचदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले ड्रॉप्स हातात पडतात. दोन दिवसांत लाली जाते, माणूस खूश होतो आणि महिनाभर घालत राहतो. स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि तो वाढतोय हे पेशंटला जाणवत नाही. डॉक्टरांनी असे ड्रॉप्स दिलेच तर ठरावीक दिवसांसाठी असतात. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा आणू नका.

गुलाबपाणी, मध, तूप, हळद, त्रिफळ्याचं पाणी यातलं काहीही टाक्यांवर किंवा डोळ्यात नको. नेत्रतर्पण, म्हणजे डोळ्यांवर औषधी तूप धरायचा आयुर्वेदिक उपचार, करून घ्यायचं असेल तर जखम भरेपर्यंत तेही राहू द्या. होमिओपॅथीतल्या अर्निकाच्या गोळ्यांनी निळेपणा लवकर जातो असं सर्रास सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही.

वाकणं, उचलणं, कुथणं

या सगळ्याचा अर्थ एकच: डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढू द्यायचा नाही. पहिला आठवडाभर तरी खाली वाकून केर काढणं, बादली उचलणं, सिलिंडर सरकवणं, नातवंडाला कडेवर घेणं बंद. घरात आलेल्या मोठ्यांच्या पाया पडायचं असेल तर हात जोडून भागवा. बद्धकोष्ठाची सवय असेल तर इसबगोल आणि भरपूर पाणी आधीपासूनच सुरू करा, संडासात कुथण्यानेही ताण येतो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, दाबू नका. मिरचीच्या फोडणीपासून आणि कांदा चिरण्यापासून काही दिवस सुटका मिळते. ही सूचना घरात मोठ्याने वाचून दाखवा.

चालायला हरकत नाही, घरातल्या घरात पहिल्या दिवसापासून चालावं. सारसबागेला संथ फेरी आठवड्यानंतर. पर्वतीच्या पायऱ्या, सिंहगड, जिम, पोहणं हे मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. साधारण दोन-तीन आठवडे लागतात, पोहायला त्याहून जास्त. योगासनं करणाऱ्यांना वाटतं, योग म्हणजे सौम्यच. पण सूर्यनमस्कारात डोकं खाली जातं, शीर्षासनात तर सगळंच, आणि कपालभातीत पोटाच्या झटक्यांनी दाब वाढतो. जलनेती तर बाजूलाच ठेवा. श्वासावर लक्ष ठेवून शांत बसायला कोणाची ना नाही.

तंबाखू कोणत्याही रूपाने नको. सिगारेट सोडली पण मशेरी चालू, हे उत्तर आम्हाला वरचेवर मिळतं. निकोटीन मशेरीतूनही रक्तात जातं, बारीक वाहिन्या आकसतात, आणि जखमेला रक्त कमी मिळतं.

हेल्मेट, धूळ आणि ऑफिस

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालताना त्याची आतली गादी कपाळावरून, भुवईवरून, पापणीवरून घासत खाली येते. काढताना तीच गादी पापणी वर ओढते. टाके असताना हे परवडणार नाही आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणं तर मुळीच नाही. म्हणजे टाके निघून जखम पक्की होईपर्यंत दुचाकी बंद. मागे बसूनही नको. चारचाकीसुद्धा नजर स्वच्छ झाल्यावर, मान वळवून दोन्ही बाजू नीट दिसायला लागल्यावर. रिक्षाने जाताना मोठा गॉगल लावा. पुण्यात कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतोच, त्याची धूळ थेट त्या न मिटणाऱ्या फटीत जाते. स्कार्फ डोळ्यांवरून घट्ट ओढून बांधायची सवयही काही दिवस विसरा.

हिंजवडीतले पेशंट विचारतात, लॅपटॉप कधी? स्क्रीनने टाक्यांना काही होत नाही. पण स्क्रीन बघताना आपण उघडझाप कमी करतो आणि आधीच कोरडा असलेला डोळा आणखी कोरडा होतो. पहिले दोन-तीन दिवस नको, मग थोडा थोडा वेळ, ड्रॉप्स जवळ ठेवून. आठवडा-दहा दिवसांनी बहुतेक जण कामावर जातात. कॅमेरा बंद ठेवून मीटिंग करता येत असेल तर त्याहून आधीही.

कॉन्टॅक्ट लेन्स साधारण दोन आठवडे नाही, कारण घालता-काढताना पापणी ओढावी लागते. काजळ, आयलायनर, मस्कारा यांनाही तेवढीच सुट्टी, आणि नंतर वापराल ते नवं कोरं आणा, जुन्या डबीतलं नको. वरच्या पापणीची कड काही आठवडे बधिर असते. काजळाची कांडी डोळ्यात गेली तरी चटकन कळत नाही, म्हणून आरशासमोर घाई नको. आंघोळ गळ्याखालून चालते. केस धुवायचे तर मान मागे टेकवून, दुसऱ्या कोणाकडून. दिवाळी जवळ असेल तर अभ्यंगाचं तेल आणि उटणं चेहऱ्यापासून लांब.

टाके निघाल्यावर

टाके साधारण पाच ते सात दिवसांनी काढतात. विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत. त्या सुमारास खाज सुटते, जखम भरत असल्याची ती खूण आहे, पण चोळू नका. पापण्यांना रक्तपुरवठा भरपूर असल्याने जंतुसंसर्ग कमी होतो. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, सूज उतरायच्या ऐवजी लाली आणि दुखणं वाढायला लागलं, पू दिसला, ताप आला, तर लगेच दाखवा. मलम लावलेल्या जागीच पुरळ आणि खाज असेल तर ती मलमाची अ‍ॅलर्जी असू शकते, काही अँटिबायोटिक मलमांनी तसं होतं. टाक्यांच्या रेषेवर मोहरीपेक्षा बारीक पांढरे दाणे येतात, ते निरुपद्रवी असतात. फोडू नका, राहिले तर डॉक्टर काढून टाकतात.

व्रण आधी लालसर असतो, मग गुलाबी, आणि फिका पडायला सहा महिने ते वर्ष लागतं. आपल्या रंगाच्या कातडीला उन्हाने व्रणावर काळसर डाग पडायची सवय असते. मार्च ते मेच्या पुण्याच्या उन्हात टोपी आणि गॉगल हवाच. सनस्क्रीन जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, डोळ्यात जाणार नाही असं.

घरात लग्न असेल तर निदान दीड-दोन महिने हातात ठेवा, तीन असले तर उत्तम. "लग्नाला तीन आठवडे आहेत, तेवढ्यात होईल ना" असं विचारत येणाऱ्यांना आम्ही लग्नानंतरची तारीख देतो. दोन आठवड्यांत निळेपणा जातो हे खरं, पण बारीक सूज दोन-तीन महिने रेंगाळते. घडी उंच दिसते, डोळे थोडे आश्चर्याने उघडल्यासारखे दिसतात आणि नेमके तेव्हाच फोटो काढले जातात.

दोन्ही बाजूंत थोडा फरक वाटत राहिला, घडी वर-खाली वाटली, तर पुन्हा ऑपरेशनचा विषय सहा महिन्यांच्या आत काढू नये. बहुतेक सर्जन स्वतःच काढू देत नाहीत, सुजेवर मोजमाप घेऊन कापायचं तरी किती? तोवर दर भेटीला ऑपरेशनआधीचा फोटो सोबत घेऊन जा. दोन भुवया आणि दोन पापण्या मुळात कोणाच्याच सारख्या नसतात, आणि आज खटकणारा फरक बऱ्याचदा त्या जुन्या फोटोतही सापडतो.